महाराजांचे डोळे

निपाणीत तंबाखूच्या हंगामात फोटो काढून घेणं सोपं नव्हतं. माणूस खुर्चीवर बसायचा, मान ताठ करायचा, श्वास धरायचा आणि नेमकं भिंगावरचं झाकण निघालं की शिंकायचा. वखारींतून उडणारी बारीक धूळ गावभर तरंगत असे, आणि कुंथुनाथाचा स्टुडिओ तर घरच्या वखारीच्याच माडीवर. शिंकलेल्या माणसाला तो पुन्हा बसवी, पुन्हा शिंकला तर पुन्हा बसवी, पण हललेला फोटो त्यानं कधी कुणाच्या हाती दिला नाही.

ही हकीकत त्याच्या बायकोची, ब्राह्मीची आहे. सुरुवात मात्र त्याच्यापासूनच करावी लागते.

घर जैन, धंदा तंबाखूचा. वडील लवकर गेले. वखार थोरल्या कलगोंडानं सांभाळली आणि धाकट्याचा नाद घरानं चालवून घेतला. कुंथुनाथ बेळगावात शिकायला होता तेव्हा लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या सोजिरांचे फोटो काढणारी दुकानं बघून त्याला हे वेड लागलं. त्याला लहानपणापासून जाड चष्मा होता. चष्मा काढला की चार हातांपलीकडचा माणूस त्याला ओळखू येत नसे. त्यामुळंही असेल, पण जे काढायचं ते लख्ख निघालं पाहिजे, पापणीचा केस न केस वेगळा दिसला पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पहिलं जर्मन युद्ध सुरू व्हायच्या आधी त्यानं मुंबईहून एक जर्मन भिंग मागवलं. ते आलं त्या दिवशी त्यानं भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, त्याचा फोटो घेतला आणि कोपऱ्यातल्या जाहिरातीतलं बारीक अक्षर काचेच्या प्लेटवर वाचता येतंय का ते बघत बसला. वाचता आलं. त्यानं ब्राह्मीला हाक मारली. लग्न होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तिनं काचेवर वाकून बघितलं आणि म्हणाली, "व्हय, दिसतंय की." त्याला वाटलं होतं तेवढा आनंद तिला झाला नाही.

भिंग आलं आणि गिऱ्हाईक कमी झालं. शेंडूरची एक बाई, शालूबाई, मुलाच्या लग्नाआधी फोटो काढून गेली होती. तयार फोटो हातात घेऊन तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला.

"अण्णा, ही तर चाळण झाली वो माझ्या तोंडाची."

"देवीचे वण हायेत तुमच्या तोंडावर, शालूबाई."

"हायेत की. पर आरशात एवढं दिसत न्हाईत."

"भिंग खोटं बोलत न्हाय," कुंथुनाथ म्हणाला.

ती फोटो तिथंच ठेवून गेली.

त्याच सुमारास मारुतीराव नावाचे कॅम्पातले एक फोटोग्राफर हे जर्मन भिंग बघायला मुद्दाम निपाणीला आले. गडी दिलदार, पोटाचा धंदा म्हणून फोटो काढणारा. जेवण झाल्यावर शालूबाईची प्लेट बघून ते हसले. त्यांनी प्लेटवर व्हार्निशचा हात फिरवला, ती खिडकीशी तिरकी धरली आणि अणकुचीदार पेन्सिलीनं एकेक वण टिपून भरून दाखवला. प्लेटवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. वणाची सावली तिथं उजळ ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका पेन्सिलीनं हलकेच झाकला की कागदावर गाल गुळगुळीत येतो. कुंथुनाथानं तोंड फिरवलं. दारात उभी राहून ब्राह्मी मात्र बघत होती.

तिचा हात बारीक कामाला बसलेला होता. मारुतीराव गेल्यावर तिनं फुकट गेलेल्या प्लेटांवर सराव केला, आणि एक दिवस शालूबाईची प्लेट नीट करून नवऱ्यापुढं ठेवली. वण सगळे घालवले नव्हते. थोडे राखले होते.

"म्या आनलेली धार तू बोथट करतीस," तो म्हणाला.

"लोक तोंड बघायला आरशाकडं जातात. तुमच्याकडं फोटू न्यायला येतात."

"मग खरं काय?"

"तिच्या पोराला इचारा, त्याची आई कशी दिसती ते."

या वादाचा निकाल कधी लागला नाही. पण त्यानंतर प्लेटा आधी तिच्याकडं जाऊ लागल्या. तिनं काय केलं ते तो बघत नसे. गिऱ्हाईक परत आलं. अशी काही वर्षं गेली. मूल झालं नाही. सासू जयाबाई, ज्यांना ब्राह्मी आत्ती म्हणे, त्या अधूनमधून देवाला साकडं घालत, पण सुनेला टाकून बोलल्या नाहीत.

मग बेळगावला प्लेटा विकणारा एक एजंट आला. कुंथुनाथ माल घ्यायला गेला तेव्हा त्यानं आपल्या कंपनीची तारीफ सुरू केली. आमच्या प्लेटवरचा थर बघा, त्यातला चिकट सरस किती निर्मळ आहे, म्हणूनच एवढं बारीक टिपलं जातं. कुंथुनाथानं सहज विचारलं, हा सरस कशाचा? एजंट अभिमानानं म्हणाला, कोवळ्या वासरांच्या कातड्याचा आणि हाडांचा, उकळून उकळून काढतात.

कुंथुनाथ माल न घेता घरी आला. डोक्यावरून पाणी घेतलं आणि माडीवर न जाता सोप्यात बसून राहिला. सूर्य बुडायच्या आत जेवणारं, कंद न खाणारं ते घर. पाणी गाळून प्यायचं. आणि वर माडीवर इतकी वर्षं हे. त्यानं ते ब्राह्मीला सांगितलं, आईला नाही. ब्राह्मीनं आपल्या बोटांकडं बघितलं. प्लेट ओली झाली की तो थर बोटाला किंचित चिकटे, हे तिला माहीत होतं.

स्टुडिओ बंद झाला. तो रोज तवंदीचा घाट चढून स्तवनिधीला जाऊ लागला. तिथं मुनी आले होते. आधी दर्शनाला, मग प्रवचनाला, मग मुक्कामाला. हा आता दीक्षा घेणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. शेवटी एका दुपारी तोच बोलला.

"ब्राह्मी, मला जायचंय. तुझ्या परवानगीबिगर मुनी मला संघात घेणार न्हाईत."

"आनि म्या न्हाय म्हनलं तर?"

"तर ऱ्हाईन."

"ऱ्हाऊन काय कराल?"

 ती भांडी पुसत होती. हातातलं पुसून तिनं पालथं घातलं.

"जावा," ती म्हणाली. "पर एक फोटू काढू द्या. समद्या गावाचं काढलं, तुमचा एक बी न्हाय घरात."

"सरसाची प्लेट हाय ती."

"एकच उरलीया. ती वापरली न्हाय म्हनून वासरू उठून चालाया लागणार न्हाय."

तो खुर्चीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच भिंगाच्या त्या बाजूला. बसण्याआधी त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, कारण तोही सोडायचा होता. ब्राह्मीनं काळं कापड डोक्यावर घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर नवरा उलटा टांगलेला दिसत होता, पाय वर आणि डोकं खाली. तिनं चेहरा स्पष्ट करून घेतला. मग प्लेट आत सरकवताना भिंगाचा स्क्रू घट्ट करायचा राहिला आणि भिंग दोऱ्याएवढं सरकलं. ते तिला कळलं नाही. झाकण काढलं, मनात नमोकार मंत्र म्हटला, झाकण लावलं. "झालं," ती म्हणाली. तो उठला, आईच्या पाया पडला आणि कलगोंडाबरोबर निघाला.

ती अंधाऱ्या खोलीत प्लेट धुऊन बाहेर आली तोवर गाडी तवंदीच्या वाटेला लागली असेल. तिनं प्लेट उजेडात धरली. मागच्या पडद्यावर रंगवलेली कमळाची वेल पाकळीन् पाकळी आली होती. पुढं खुर्चीवर बसलेला माणूस धुरात बसल्यासारखा. खांदे होते, हात होते. चेहऱ्याच्या जागी दोन सावल्या.

---

त्यानंतर ब्राह्मीपुढं एक अडचण उभी राहिली, जी कुणाला सांगण्यासारखी नव्हती. त्याचा उल्लेख कसा करायचा? आधी ती, सगळ्या बायका म्हणतात तसं, 'हे' म्हणायची. आत्ती अजून 'आमचा कुंथू' म्हणत. कलगोंडा पहिल्या दिवसापासून 'महाराज' म्हणू लागले. काही वर्षांनी म्हैसूर मुलखात मुनिदीक्षा झाली तेव्हा नावही बदललं, वस्त्रही गेलं. ब्राह्मीला यांतला कुठलाच शब्द तोंडात घेता येईना. बोलताना ती तिथं थांबे आणि पुढचं वाक्य सुरू करी.

माहेरी तिचा भाऊ होता. तो न्यायला आला, ती गेली नाही. कलगोंडानं कॅमेरा आणि भिंग मारुतीरावांना विकलं. पेटी न्यायला ते स्वतः आले, आणि जाताना घोटाळले.

"आक्का, एक इचारू? हे भिंग लई चोख हाय. माझ्या गिऱ्हाइकाच्या नाकावरची छिद्रं मोजून दाखवील. तुमच्या हाताशिवाय ते मला झेपायचं न्हाय. प्लेटा पाठवू का?"

कलगोंडानं भुवया उंचावल्या, पण आत्ती म्हणाल्या, "करू दे. हात रिकामं ऱ्हाईलं की मानूस आत आत जातं."

बेळगाव-निपाणी मोटारीवर भावकू नावाचा माणूस कामाला होता. तो भुसा भरलेली लाकडी पेटी आणून देई आणि झालेल्या प्लेटा घेऊन जाई. ब्राह्मी माडीवरच्या खिडकीशी दिवस मावळेपर्यंत बसे. खाली येताना आधी अंगावरून पाणी घेई, मगच चुलीकडं जाई. का, ते आत्तींना कधी कळलं नाही. त्यांना वाटे, पेन्सिलीच्या काळ्या हातांमुळं.

वर्षामागून वर्षं अनोळखी चेहरे तिच्यापुढून गेले. कॅम्पातल्या मडमा, बढती मिळालेले सुभेदार, हिंडलग्याच्या तुरुंगातले पहारेकरी नव्या पगड्या घालून, खानापूरकडच्या नवऱ्यामुली. प्रत्येकाच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढी करताना लागलेला वस्तरा तिला माहीत होता. कितीतरी जणांचे मिटलेले डोळे तिनं उघडून दिले होते. झाकण निघतं नेमक्या त्या क्षणी पापणी लवलेली माणसं असतात. अशा वेळी प्लेटवर बुबुळाच्या जागी सुरीच्या टोकानं खरवडायचं, पांढऱ्या भागावर पेन्सिल फिरवायची आणि एक बारीक ठिपका उजेडाचा ठेवायचा. मग माणूस जागा होतो.

एकदा निपाणीच्या बाजारात तिला एक माणूस दिसला. उजव्या गालावर खळी, हनुवटीवर भाजल्याचा डाग. तो डाग तिनंच महिन्यापूर्वी झाकला होता. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं तिला हसू आलं. त्या माणसानं चमकून बघितलं, ही कोण बाई म्हणून, आणि पिशवी सावरत तो पलीकडच्या दुकानाकडं निघून गेला. ती भाजी न घेताच घरी आली.

नवऱ्याचा तो धुरातला फोटो तिच्या पेटीत होता. सुरुवातीला ती तो काढून बघायची. मग तिच्या लक्षात आलं की बघितलं की जास्त विसरायला होतं. आपल्या हातात भरून काढायची कला आहे, पण जे प्लेटवर उतरलंच नाही ते कुठून आणणार? खपली झाकता येते. चेहरा कसा आणायचा? तिनं फोटो पेटीच्या तळाशी टाकला.

---

पुढं एका पावसाळ्यात भावकू पेटी घेऊन आला आणि जिन्याखालूनच म्हणाला, "आक्का, मारुतीरावांचा निरोप हाय. एक प्लेट जैन महाराजांची हाय. चिकोडीकडं चातुर्मासाला बसल्यात न्हवं, त्यांची. गिऱ्हाईक मोठं हाय, घरोघर वाटायला फोटू पायजेत म्हनतंय. पर महाराजांनी डोळं मिटलं. तेवढं उघडून द्या म्हनलेत."

"बरं," ब्राह्मी म्हणाली. त्या संघात महाराज बरेच होते.

तिनं प्लेट चौकटीत लावली. पद्मासनात बसलेले मुनी, पुढ्यात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. अंग वाळून काटक झालेलं. भिंग तेच जर्मन, आणि त्यानं काही सोडलं नव्हतं. छातीच्या फासळ्या, कोपराची जाड कातडी, लोच करून हातानं उपटलेल्या दाढीच्या जागचे खुंट. ती नेहमीसारखी कपाळापासून सुरुवात करायला गेली आणि डाव्या भुवईपाशी तिचा हात थांबला. भुवई मधेच तुटलेली होती. कुंथू लहानपणी चिंचेवरून पडला तेव्हाची खोक, आत्ती सांगायच्या.

ती पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. खाली वखारीत हमाल तंबाखूची बोदं रचत होते. कुणीतरी शिंकलं.

मग तिनं पुन्हा बघितलं. आता ओळख पटल्यावर सगळं ओळखीचं दिसायला हवं होतं, पण तसं होईना. भुवई त्यांची, कानाची पाळी त्यांची, आणि चेहरा परक्याचा. एवढं लख्ख तिनं त्यांना घरात असतानाही कधी बघितलं नव्हतं. पेटीतल्या फोटोत काहीच दिसत नव्हतं, तरी तो तिचा नवरा होता. इथं सगळं दिसत होतं.

झाकणाचा आवाज त्यांनी ओळखला असणार, असं तिला वाटलं. त्या आवाजालाच डोळे मिटले असणार.

काम मात्र होईना. डोळे उघडायचे तर ते कसे होते हे ठाऊक पाहिजे. जुन्या साध्या भिंगाचा मऊ फोटो असता तर कुणाचेही डोळे खपले असते. या प्लेटवर पापणीचा केस वेगळा दिसत होता. इथं परके डोळे लगेच उघडे पडले असते. तिनं आठवायचा प्रयत्न केला. चष्मा आठवला, चष्म्यावरची खिडकीची चमक आठवली. त्याच्या मागचं काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सासूला विचारलं, "आत्ती, दर्शनाला जायचं म्हनत हुता न्हवं? चला, म्या येते."

जयाबाईंनी चकित होऊन तिच्याकडं बघितलं. संघ जवळपास आला की त्या दर वेळी जात. सून एकदाही गेली नव्हती. परवानगी दिली होती, पण रांगेत हात जोडून उभं राहणं तिला जमलं नव्हतं.

बैलगाडीनं त्या गेल्या. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मंडपात दाटी होती. महाराज लाकडी पाटावर बसले होते. बायका तीनचार हात अंतर ठेवून पुढं येत, नमोस्तु म्हणत, वाकत आणि बाजूला होत. ब्राह्मीची पाळी आली तेव्हा तिच्या शेजारी परगावची एक बाई उभी होती, हिरव्या लुगड्यातली, ताटात नारळ घेतलेली. ब्राह्मीनं हात जोडले. तिला फक्त डोळे बघायचे होते. ते अर्धवट बारीक केलेले होते, लांबचं बघताना चष्मेवाला माणूस करतो तसे. नजर माणसांवरून फिरत होती आणि कुठंच थांबत नव्हती.

जयाबाईंना राहवलं नाही. "महाराज," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ब्राह्मी आलीया."

महाराजांनी मान वळवली. क्षणभर ते थांबले. मग त्यांनी पिंछी उचलली, त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईकडं बघितलं आणि तिला आशीर्वाद दिला.

"सद्धर्मवृद्धिरस्तु."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांनी आपल्याकडं वळून बघितलं, असं ती बाहेर भेटेल त्याला सांगत होती. मागून रांग ढकलत होती. ब्राह्मी बाजूला झाली.

परतताना गाडीत जयाबाई म्हणाल्या, "त्याला दिसत न्हाय गं लांबचं. तुला ठावं हाय की."

"व्हय, आत्ती."

"दिसलं असतं तर बघितलं असतं."

 दिसलं असतं तर त्यांनी बघितलं असतं का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. आणि आत्तींनाही ते कळणार नव्हतं, म्हणून त्या परत परत तेच बोलत होत्या. वाटेत झड आली. दोघी एका घोंगड्याखाली बसल्या. तेव्हा ब्राह्मीनं सासूच्या तोंडाकडं अगदी जवळून बघितलं. कुंथूनं डोळे आईचे घेतलेत, असं लग्नात सगळ्या बायका म्हणत होत्या, ते तिला आठवलं.

घरी आल्यावर सकाळच्या उजेडात तिनं जयाबाईंना माडीवर बोलावलं.

"आत्ती, हितं बसा. जरा उजेडाकडं बघा."

"का गं?"

"डोळा लाल दिसतोय. कचरा गेलाय का बघते."

"काय न्हाय गेलेलं."

"तरी बघा."

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून शांत बसली. ब्राह्मीनं तिचे डोळे बघितले. वरची पापणी बाहेरच्या बाजूला किंचित उतरलेली, बुबुळ मोठं, खालच्या कडेला ओलसर रेघ. सुरकुत्या वजा केल्या, वय वजा केलं. तिला तो आयुष्यभराचा सराव होता. मग आत्तींना खाली पाठवून ती कामाला बसली.

प्लेटच्या बाकीच्या भागावर तिनं पेन्सिल टेकवली नाही. फासळ्या, खुंट, तुटलेली भुवई जशीच्या तशी राहू दिली. फक्त डोळे उघडले. आणि कुठं बघायचं ते ठरवताना तिनं ते सरळ भिंगाकडं लावले. म्हणजे जो कुणी फोटोसमोर उभा राहील, त्याच्याकडं.

थोड्या दिवसांनी मारुतीराव स्वतः छापलेला फोटो घेऊन आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आक्का, गिऱ्हाईक पाया पडलं हो माझ्या. महाराजांची नजर बघा म्हनतंय. म्या सांगितलं, भिंगच तसं हाय, जर्मन. तुमचं नाव न्हाय घेतलं, रागावू नका. रंगवलंय म्हनलं तर लोक हात जोडनार न्हाईत."

"बरं केलंत."

"एवढं खरं तुमाला जमलं तरी कसं? म्या स्वतः बघून फसलो."

"सवय हाय," ती म्हणाली.

नाव बदललेलं, चष्मा गेलेला, अंग वाळलेलं; ते महाराज कोण, हे मारुतीरावांना ठाऊक नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

फोटो घरोघर गेला. बस्तीत लागला, दुकानांत लागला, कलगोंडानं वखारीत आपल्या गादीमागच्या भिंतीवर लावला. सोप्यात लावला तेव्हा जयाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि इकडून तिकडं सरकून बघू लागल्या.

"ब्राह्मी, अगं हिकडं ये. कुठं बी उभी ऱ्हा, माझ्याकडंच बघतोय. आता दिसतंय बघ त्याला." त्यांनी सुनेचा हात धरला. "तू बघ की. हितं उभी ऱ्हा."

ब्राह्मी त्या दाखवतील तिथं उभी राहिली. सरळ तिच्यावर रोखलेल्या डोळ्यांत तिला सुरीचे ओरखडे दिसत होते. डाव्या बुबुळात उजेडाचा ठिपका केसभर खाली आला होता. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं.

"दिसतंय न्हवं?"

"व्हय, आत्ती. दिसतंय."

---

जयाबाई नंतर बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या आजारात त्यांनी खाट फोटोसमोर घालून घेतली होती आणि त्यांचा जीव शांतपणे गेला. कलगोंडानं नवं घर बांधलं, मुलं-सुना घेऊन तिकडं गेले. ब्राह्मीला चला म्हणाले. ती म्हणाली, माडीवरचा उजेड मला सोयीचा आहे. जुन्या घरात ती एकटी राहिली. वखारही पुढं हलली. खालची गडबड थांबली आणि गावाची धूळ तेवढी येत राहिली.

दुसरं महायुद्ध संपलं त्यानंतर दक्षिणेतून बातमी आली की महाराजांनी समाधी घेतली. निपाणीत बस्तीत मोठी पूजा झाली. कलगोंडा संध्याकाळच्या आधी तिच्याकडं आले, बरोबर त्यांची बायको आणि समाजातले एक वडीलधारे. आधी पूजेचं बोलणं झालं. शेवटी वडीलधारे म्हणाले, "दीक्षा घेतली त्या दिवशीच संसाराला ते मेलं. तवाच कुकू जायला पायजे हुतं, शास्त्रानं."

"मुनी कुठं मरत्यात?" कलगोंडाची बायको म्हणाली. "समाधी ती. ऱ्हाऊ द्या की कुकू."

"लोक इचारतील म्हनून म्हनतो."

दोघांचं चाललं होतं. कलगोंडा खाली मान घालून बसले होते. त्यांना धाकटा भाऊ आठवत असावा, महाराज नव्हे.

"भाऊजी," ब्राह्मी म्हणाली, "हे गेलं..." आणि ती थांबली. कितीतरी वर्षांनी तो 'हे' शब्द तोंडातून निघाला होता. तिचा तिलाच तो अनोळखी वाटला. "हे गेलं त्या दिवशी मला कुनी इचारलं न्हाय, कुकू लावू का पुसू. म्या लावत ऱ्हायले. आता पुसायचं का, ते उद्या सकाळी बघीन. तुमी च्या घेनार का?"

चहा झाला. ते गेले. दिवस मावळायच्या आत तिनं दोन घास खाल्ले आणि भांडं घासून ठेवलं. सकाळी आंघोळ झाल्यावर ती कुंकवाच्या करंड्यापुढं बसली. मग करंडा तसाच ठेवून, कपाळ मोकळं, ती माडीवर गेली. दोन-तीन दिवसांनी गल्लीतल्या बायकांनी बघितलं तर तिनं पुन्हा कुंकू लावलेलं होतं. कधी असे, कधी नसे. लोकांनी काही दिवस कुजबूज केली, मग विचारायचं सोडून दिलं.

त्या वर्षी कॅम्पातले गोरे लोक परत जायच्या तयारीला लागले होते आणि जाण्याआधी सगळ्यांनाच फोटो हवे होते. भावकू एकेका फेरीला दोन पेट्या आणी. जिन्यावर पेट्या ठेवून तो हाक मारी, "आक्का, हायसा न्हवं?"

वरून उत्तर यायला वेळ लागे. "हाय," ती म्हणे, "ठेव तिथंच."

कधी कधी तो उगाच जिन्यात उभा राही. ती अजून काही बोलेल म्हणून. वरून पेन्सिलीचा बारीक आवाज येत असे, काचेवर टेकल्याचा. मग मोटार सुटायची वेळ होई आणि तो निघून जाई.